खाणीतील जलसंचय व उतारांचे स्थैर्य

भिवापूरच्या पश्चिमेस उमरेड परिसरात दगडी कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. अशा खाणीच्या तळाशी पावसाचे व झिरपलेले पाणी साचून तळे तयार होते. तळ्यालगतचा उतार ढासळू लागल्यास पाणी त्वरेने उपसावे, असा उपाय प्रथम सुचतो. परंतु तोच कित्येकदा घातक ठरतो.

कार्ल टर्झागी यांच्या प्रभावी प्रतिबलाच्या तत्त्वानुसार मातीतील घर्षण हे कणांना परस्परांवर दाबणाऱ्या प्रतिबलावर अवलंबून असते, आणि छिद्रांतील पाण्याचा दाब हे प्रतिबल घटवितो. तळ्यातील पाण्याचे कार्य म्हणूनच दुहेरी होय. उतारात मुरून ते त्यास दुर्बल करते; बाहेरून मात्र त्यास आधार देते. १० मीटर खोल पाण्याचा तळाशी दाब दर चौरस मीटरला सुमारे ९८ किलोन्यूटन असतो. पातळी झपाट्याने उतरविल्यास हा आधार नाहीसा होतो; परंतु चिकणमातीचा निचरा मंद असल्याने आतील दाब त्याच वेगाने ओसरत नाही, आणि उतार घसरतो. वाळूत निचरा जलद होत असल्याने तेथे हा धोका कमी असतो.

यास्तव उतारात दाबमापक नलिका बसवून त्यांतील नोंदींनुसार उपसा टप्प्याटप्प्याने करणे इष्ट होय. आडव्या निचरा-छिद्रांनी आतील पाण्यास वाट द्यावी, माथ्यावरील चरांनी पावसाचे पाणी वळवावे आणि माथ्यावर मातीचे ढिगारे रचू नयेत. माथ्यावरील भेगा रुंदावू लागल्यास खालील कामगारांस प्रथम हलविणे अगत्याचे आहे. उपशाचा विचार त्यानंतरचा.