पहिलीचा वर्ग, पट एक

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात, नॉर्थ गॅल्वेझ रस्त्यावर विल्यम फ्रँट्झ प्राथमिक शाळेची इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत १९६०-६१ साली पहिलीचा वर्ग भरत असे. बाकं पुष्कळ होती, मूल मात्र एकच. सहा वर्षांची रुबी ब्रिजेस रोज सकाळी येई आणि बार्बरा हेन्री या बाई तिला शिकवत. वर्गासमोर उभं राहून एकाच मुलीला शिकवायचं म्हणजे भाषण दिल्यासारखं झालं असतं. त्यामुळे हेन्रीबाई तिच्या शेजारच्या बाकावर बसत आणि दोघी एकाच पुस्तकात डोकं घालून वाचत. मधल्या सुट्टीत पटांगणात जायची सोय नव्हती, म्हणून कवायत आणि उड्या बाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत. एवढी एकटी असूनही रुबीने त्या वर्षात एकही दिवस शाळा बुडवली नाही.

वर्णभेद मोडणारी शाळा म्हणून फ्रँट्झचं नाव अमेरिकेच्या इतिहासात लागलं. पण हे काम त्या शाळेने आपणहून हाती घेतलं नव्हतं. ते तिच्यावर येऊन पडलं, आणि शाळेतल्या बहुतेकांनी ते टाळण्याचाच प्रयत्न केला.

काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला. रुबीचा जन्म त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला. म्हणजे कायदा तिच्याहून थोडा मोठा, आणि तो शाळेच्या दारापर्यंत पोचला तोवर ती पहिलीत गेली होती. मधली सहा वर्षं लुइझियाना राज्याने टाळाटाळीत घालवली. शेवटी केंद्रीय न्यायाधीश जे. स्केली राइट यांनी तारीखच ठरवून दिली : १४ नोव्हेंबर १९६०. राज्याच्या विधिमंडळाने त्या दिवशी शाळांना सुट्टी जाहीर केली, न्यायाधीशांनी ती सुट्टीही रोखली.

त्याआधी काळ्या मुलांसाठी प्रवेशपरीक्षा घेण्यात आली. गोऱ्या मुलांना ती नव्हती. शंभराहून अधिक मुलं बसली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निवडली गेली आणि प्रत्यक्षात चारच मुली गोऱ्यांच्या शाळेत गेल्या. तिघी मॅकडोनोग क्रमांक १९ या शाळेत, रुबी एकटी फ्रँट्झमध्ये. या दोन्ही शाळा नाइन्थ वॉर्डातल्या, कष्टकरी गोऱ्यांच्या वस्तीतल्या. शहराच्या सधन भागातल्या शाळांना त्या वर्षी हात लागला नाही. ही निवड मला फार बोचते. ज्यांच्याकडे शेजारच्या काळ्या माणसाहून वरचढ असल्याच्या समजुतीखेरीज फारसं काही नव्हतं, नेमकं त्यांनाच ती समजूत आधी सोडायला सांगितलं गेलं. शाळेबाहेर जे घडलं त्याचं समर्थन यातून होत नाही, पण ती आग तिथेच का भडकली ते थोडंफार समजतं.

पहिल्या दिवशी चार केंद्रीय मार्शल रुबीला आणि तिच्या आईला मोटारीतून घेऊन आले. रस्त्यावरची गर्दी आणि आरडाओरडा ऐकून रुबीला वाटलं, मार्डी ग्रासच चाललाय. न्यू ऑर्लिन्सच्या मुलांना रस्त्यावरचा गोंगाट माहीत होता तो त्या उत्सवातलाच. तो सबंध दिवस मायलेकी मुख्याध्यापिकांच्या कार्यालयात बसून राहिल्या. काचेतून दिसत होतं, की गोरे आईबाप येतायत आणि आपापली मुलं घेऊन जातायत. शिकवणं झालंच नाही. दुसऱ्या दिवशीही गर्दी तशीच होती. पुढे पुढे घोषणा देणाऱ्या बायांनी एका लहान शवपेटीत काळी बाहुली ठेवून आणली. रुबीने नंतर सांगितलं, की तिला सगळ्यात भीती वाटली ती त्या बाहुलीची.

शिव्याशाप देणाऱ्या या बायकांबद्दल जॉन स्टाइनबेकने आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं आहे. त्या गर्दीतून आपल्या लहान मुलीचा हात धरून शाळेत जाणारे एक गोरे मेथडिस्ट पाद्रीही होते, लॉइड फोरमन. त्यांच्यासारखी मोजकी कुटुंबं टिकली आणि त्यांनीही शिव्या खाल्ल्या. रुबीच्या वडिलांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. आईला नेहमीच्या दुकानात वाणसामान मिळेना. तिकडे मिसिसिपीत दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणाऱ्या आजीआजोबांनाही ती जागा सोडावी लागली. एका मुलीने शाळेत जाण्याची किंमत एवढ्या जणांनी मोजली. उलट शेजारीपाजारी काळे लोक रोज सकाळी मार्शलांच्या मोटारीमागून चालत जात, आणि एका शेजाऱ्याने रुबीच्या वडिलांना घरं रंगवण्याचं काम दिलं.

पण गर्दीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या आत काय घडत होतं, ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

शाळेतल्या इतर शिक्षिका काळ्या मुलीला शिकवायला तयार नव्हत्या. हेन्रीबाई बॉस्टनच्या, नवऱ्याच्या कामानिमित्त न्यू ऑर्लिन्सला आलेल्या. त्याआधी त्यांनी परदेशातल्या अमेरिकी लष्करी तळांवरच्या शाळांत शिकवलं होतं. तिथे काळी-गोरी मुलं एकाच वर्गात बसत. त्यामुळे रुबीला शिकवणं त्यांना धाडसाचं वाटलं नसावं, ते त्यांचं नेहमीचंच काम होतं. त्यांनी ते नेहमीसारखंच केलं, म्हणून त्यांचं मोठेपण मला अधिक वाटतं. वर्षाच्या शेवटी रुबीच्या बोलण्यात बॉस्टनचे उच्चार आले होते. सबंध वर्ष ज्या एका माणसाचं बोलणं ऐकलं, त्याचं वळण मुलाच्या जिभेला लागणारच.

डब्याची एक हकिगत रुबीने मोठेपणी लिहिली आहे. गर्दीतली एक बाई तिला विष घालण्याची धमकी रोज देत असे. म्हणून मार्शलांनी शाळेतलं काही खायचं नाही असं सांगितलं होतं. घरून आणलेलं पीनट बटरचं सँडविच ती एकटी बसून खायची. काही दिवसांनी तिने सँडविचेस वर्गातल्या कपाटात लपवायला आणि दूध खळीच्या मोठ्या बरणीत ओतायला सुरुवात केली. तिला वाटे, डबा नाही असं दिसलं तर आपल्याला बाकीच्या मुलांबरोबर जेवणघरात बसू देतील. उंदीर-झुरळं झाली तेव्हा सफाई कामगाराला ते सापडलं. हेन्रीबाई रागावल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या तिच्याबरोबर जेवू लागल्या.

शाळेत मुलांना सामावून घेण्याबद्दल मोठमोठे अहवाल लिहिले जातात. पण त्या कपाटात कुजत पडलेल्या सँडविचांकडे पाहून मूल काय मागतंय हे ज्या बाईला कळलं, तिला अहवालाची गरज नव्हती.

कितीतरी महिने रुबीला वाटत होतं की या शाळेत आपण एकट्याच. पण अधूनमधून कुठून तरी मुलांचे आवाज यायचे. शाळेत परतलेली पहिलीतली मोजकी गोरी मुलं इमारतीच्या दुसऱ्या भागात वेगळी बसवली जात होती. हेन्रीबाईंनी मुख्याध्यापिकांपुढे हा विषय पुन्हा पुन्हा काढला. ही मुलं वेगळी ठेवणं कायद्याविरुद्ध आहे, वरिष्ठांकडे तक्रार करीन, असं सांगितलं. तेव्हा कुठे वर्षाच्या उत्तरार्धात ती मुलं रुबीच्या भेटीला येऊ लागली. न्यायालयाने दार उघडलं होतं, पण शाळेच्या आत एक भिंत शिल्लक होती. मार्शल दारापर्यंतच पोचू शकत होते. ही भिंत पाडण्याचं काम एका शिक्षिकेकडे राहिलं.

मुलं भेटली आणि एका मुलाने रुबीला सांगितलं, की तू काळी आहेस म्हणून तुझ्याशी खेळायचं नाही असं माझी आई म्हणते. त्याने काळ्यांसाठी वापरली जाणारी ती शिवीही उच्चारली, कदाचित तिचा अर्थही कळत नसताना. रुबी सांगते, की तेव्हा तिला सगळा उलगडा झाला. ती गर्दी, ती रिकामी बाकं, ती बाहुली, सगळं आपल्या रंगामुळे. त्या मुलाचा तिला राग आला नाही. तिच्या आईने तिला काही करू नको म्हटलं असतं, तर तिनेही ऐकलंच असतं. सहा वर्षांच्या मुलीने केलेला हा विचार आहे. प्राथमिक शाळेत समतेचं काम किती लवकर सुरू करावं लागतं, याचा याहून ठळक पुरावा मला ठाऊक नाही.

मॅकडोनोग १९ मधल्या लिओना टेट, गेल एटिएन आणि टेसी प्रेव्होस्ट या तिघी निदान एकमेकींना होत्या. मात्र तिथली गोरी मुलं पहिल्याच दिवशी निघून गेली, आणि जवळजवळ वर्षभर सगळ्या शाळेत याच तिघी. बाहेरून दिसू नये म्हणून खिडक्यांना कागद लावलेला, खेळायचं ते जिन्याखाली.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण करून. पुण्यात शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती पडली. साताऱ्यात भीमराव आंबेडकर या मुलाला वर्गात आपल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, आणि शिपायाने पाणी ओतल्याशिवाय तहान भागत नव्हती. रंग आणि जात एकच नव्हे, पण शाळेच्या दाराशी दोन्हींचा चेहरा एकसारखा दिसतो.

नॉर्मन रॉकवेल यांनी रुबीच्या प्रवासाचं काढलेलं चित्र १९६४ साली 'लुक' मासिकात प्रसिद्ध झालं. चार मार्शलांचे देह गळ्याखालचे, चेहरे चौकटीबाहेर. मधोमध पांढऱ्या झग्यातली मुलगी, मागच्या भिंतीवर फेकलेल्या टोमॅटोचा डाग. २०११ साली ते चित्र काही काळ व्हाइट हाउसमध्ये टांगलं होतं.

शाळेचं पुढे काय झालं, ते चित्रात मावणारं नाही. रुबी दुसरीत गेली तेव्हा मार्शल नव्हते, गर्दी नव्हती, वर्गात काळी-गोरी दोन्ही मुलं होती. हेन्रीबाई मात्र गेल्या होत्या, आणि गेल्या वर्षाबद्दल शाळेत कोणी एक शब्दही काढला नाही. जणू काही घडलंच नव्हतं. त्यानंतरच्या दशकांत आसपासच्या गोऱ्या कुटुंबांनी ती वस्ती सोडली. १९९३ साली रुबीच्या भावाची हत्या झाली. त्याच्या मुली याच शाळेत शिकत होत्या, आणि त्यांना सोडायला रुबी पुन्हा त्याच दारातून आत गेली. तेव्हा वर्गांत जवळजवळ सगळी मुलं काळीच होती. तिने शाळेतच स्वयंसेविका म्हणून पालकांबरोबर काम सुरू केलं. २००५ सालच्या कतरिना वादळाने इमारतीचं नुकसान केलं, ती बराच काळ बंद राहिली. आता तिथे अकिली अकॅडमी ही शाळा भरते. २०१४ साली आवारात रुबीचा पुतळा बसवला.

इमारत पुन्हा उभी करताना वरच्या मजल्यावरचा एक वर्ग १९६० सालासारखा करून ठेवला आहे. बाहेर मुलांचे आवाज, आत रांगेत रिकामी बाकं.