नावाचा ताबा

जुलै २०१७ मध्ये पुण्याच्या चितळे बंधूंनी आपली दुकानं दुपारी १ ते ४ उघडी ठेवायचं ठरवलं आणि त्याची बातमी थेट इंग्रजी वर्तमानपत्रांतही झळकली. मिठाईचं दुकान दुपारी उघडं राहणार, यात बातमी ती काय? पण तोवर त्या तीन तासांच्या वामकुक्षीवर फेसबुक-व्हॉट्सॲपवर इतके विनोद फिरले होते, की ज्याने आयुष्यात बाकरवडी चाखली नाही त्यालाही चितळ्यांची वेळ पाठ होती. विनोद लोकांनी रचले, लोकांनीच पसरवले. ज्याला तक्रार म्हणावं, त्याचीच घरबसल्या जाहिरात झाली. ‘आमची कोठेही शाखा नाही’ असं अभिमानाने लिहिणाऱ्या शहराला हे शोभूनही दिसलं!

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ब्रँडिंग या प्रकाराचं जे काही झालं ते या एका किश्श्यात बरंचसं सापडतं. नाव आपलं असलं तरी ते फिरतं लोकांच्या तोंडी. हे पूर्वीही होतंच. फरक इतकाच की पूर्वी लोक काय बोलतात ते दुकानदाराच्या कानावर उशिरा यायचं आणि अर्धंच यायचं. आता ते त्याच्या डोळ्यांसमोर, हजार साक्षीदारांदेखत लिहिलं जाऊ लागलं. मग प्रत्येकाला त्या नावाचा ताबा घ्यावासा वाटू लागला.

सुरुवातीला कंपन्यांना यातलं फारसं उमगलं नव्हतं. फेसबुक २००६ मध्ये सर्वांना खुलं झालं. पुढची काही वर्षं बहुतेकांनी ते फुकटचं होर्डिंग म्हणूनच वापरलं : कोपऱ्यात लोगो, मध्ये पणती आणि खाली दिवाळीच्या शुभेच्छा. अपवाद अमूलचा. सिल्व्हेस्टर डाकुन्हांची ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ताज्या घडामोडींची फिरकी घेत होती. ट्विटर आलं तेव्हा तिला नवं काही शिकावं लागलं नाही.

शिकावं लागलं ते पोलिसांना, आणि ते भलतेच हुशार विद्यार्थी निघाले. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई पोलीस ट्विटरवर आले. हेल्मेट, अमली पदार्थ, दारू पिऊन गाडी चालवणं अशा रुक्ष विषयांवर ते सिनेमाच्या संवादांचा आणि शब्दांच्या कोट्यांचा मारा करू लागले. चौकीची पायरी चढायला कचरणारा माणूस त्यांची ट्विट्स मित्रांना पाठवू लागला. ठाण्यात तक्रार नोंदवणं त्यामुळे सोपं झालं का, हा प्रश्न वेगळा आहे. पण तो विचारायलाच हवा, कारण ब्रँडिंगची खरी परीक्षा काउंटरवर होते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मग कंपन्यांच्या बरोबरीने माणसंही या धंद्यात उतरली. माणसाने स्वतःलाच ब्रँड समजावं, हे व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या टॉम पीटर्स यांनी १९९७ मध्येच एका अमेरिकी मासिकात लिहून ठेवलं होतं. पण ते नोकरदारांपुरतं होतं. आपल्याकडे ते स्वयंपाकघरातून आलं. मधुरा बाचल २००९ पासून यूट्यूबवर रेसिपी दाखवत होत्या. मराठी प्रेक्षक मोबाइलवर आला तसं त्यांचं नाव घरोघर झालं आणि पुढे मसाल्याच्या पाकिटावरही चढलं. पूर्वी आधी मसाला आणि मग नाव असा क्रम असे. इथे तो उलटा झाला. त्याच २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या यूट्यूब चॅनेलने टीव्हीवाल्यांची मिनतवारी न करता मराठी तरुणांचा प्रेक्षकवर्ग उभा केला.

मात्र ही सगळी दुकानं भाड्याच्या जागेत आहेत, हे २९ जून २०२० ला कळलं. केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि लहान गावांतल्या कितीतरी पोरापोरींचे लाखो चाहते एका रात्रीत गेले. काहींनी इन्स्टाग्रामवर पुन्हा पहिल्यापासून मांडामांड केली, काहींना ते जमलं नाही.

ताब्याची खरी झुंज त्यानंतर सुरू झाली. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधूने पदक जिंकताच अनेक ब्रँडांनी तिचा फोटो वापरून अभिनंदनाच्या पोस्टी टाकल्या. तिचं काम पाहणाऱ्या संस्थेने वीसेक ब्रँडांवर कायद्याचा बडगा उगारला : तिच्या यशावर तुमचा लोगो कशाला? मला तरी हे रास्त वाटलं. अभिनंदन करायचंच असेल तर ते लोगोशिवायही करता येतं.

एप्रिल २०२३ मध्ये मात्र नोटीस उलटली. समाजमाध्यमांवर आरोग्याविषयी बोलणाऱ्या रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेवर एक व्हिडिओ केला. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली, त्यांनी व्हिडिओ काढून टाकला, माफीही मागितली. तोवर तो देशभर पोचला होता आणि नोटिशीमुळे न पाहिलेल्यांनीही शोधून पाहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस बोर्नव्हिटातली वरून घातलेली साखर सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाली. कितीतरी दशकं जाहिरातींनी आयांच्या मनात बसवलेलं नाव एका छोट्याशा व्हिडिओने हललं, तेही डब्यावर छापलेले आकडे मोठ्याने वाचून!

आता तारेतारका थेट न्यायालयात जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांनी दिल्ली उच्च न्यायालयाकडून आपलं नाव, चेहरा, आवाज आणि ‘झकास’ हा त्यांचा खास उद्गार यांच्या परस्पर वापराविरुद्ध संरक्षण मिळवलं. मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ ‘भिडू’ घेऊन तिथेच गेले. हा शब्द मुंबईच्या पोरांनी खेळात घासून घासून गुळगुळीत केलेला. त्यावर एकट्याचं नाव कसं लागावं, असं कुणालाही वाटेल. न्यायालयाने त्यांचं नाव आणि प्रतिमा वापरून माल विकणाऱ्यांना रोखलं. पण एका यूट्यूबरने त्यांच्या बिनधास्त उत्तरांचा जोडून केलेला विनोदी व्हिडिओ, त्या पोराचं म्हणणं ऐकल्याशिवाय हटवायला नकार दिला.