पट्ट्यांचे पंचांग

कोरेगाव भीमाच्या आसपास कारखान्यांची बांधकामे चालतात, तेथे मी कामाचे तक्ते करतो. कामाचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक आडवी पट्टी. ती सुरू होते ती आरंभाची तारीख, लांबी म्हणजे दिवस. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याचे नाव या तक्त्याला मिळाले. पोलंडच्या कारोल अदामिएत्स्कीने १८९६ मध्येच असा तक्ता केला होता. त्याचे नाव कोण घेतो!

एक्सेलमधली युक्ती मोठी मजेची. पट्टीचे दोन थर करायचे, पहिला तारखेचा, दुसरा दिवसांचा. आणि पहिल्याचा रंगच काढून टाकायचा. उरलेली पट्टी नेमक्या जागी तरंगत राहते.

पण वाचकहो, संगणकाला शनिवार-रविवार तेवढे ठाऊक! १८१८ च्या लढाईच्या स्मरणार्थ दर १ जानेवारीला नदीपलीकडे, पेरण्याच्या जयस्तंभापाशी, लाखो लोक अभिवादनाला येतात. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडे वळवतात. मग सिमेंटची गाडी येणार कोठून? दिवाळीला मजूर गावी जातात, जुलैत पाया पाण्याने भरतो. म्हणून मी आधी मुकादमाला विचारतो आणि ते दिवस सुट्टीच्या यादीत घालतो. 'वर्कडे' नावाचे सूत्र ते वगळून अखेरची तारीख काढते.

पट्टी लांबते, साहेबांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण मुदत चुकली की दंड ठेकेदाराला, आणि ठेकेदाराची कात्री मजुराच्या हजेरीवर. यंदा ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी मी कोरेच ठेवले आहेत. तक्त्यावर साहेबांची सही अजून व्हायची आहे.