डेस्कटॉपला मोबाइलचे नेट

फोनच्या सिमकार्डावर मिळणारे इंटरनेट डेस्कटॉप संगणकाला पुरवण्याला टेदरिंग म्हणतात. टेदर म्हणजे जनावर बांधायचे दावे. संगणक या दाव्याने फोनला बांधला जातो, म्हणून हा शब्द. बोलताना मात्र सगळे ‘मोबाइलचे नेट लाव’ असेच म्हणतात. महा-ई-सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला करसल्लागाराचे कार्यालय, अशा ठिकाणी हे काम नित्याचे आहे. रस्त्याच्या खोदकामात ब्रॉडबँडची तार तुटते, वीज गेली की राउटर बंद पडतो. फोन स्वतःच्या बॅटरीवर चालतो, टॉवरलाही बॅटरीचा आधार असतो. संगणक यूपीएसवर असेल तर अर्धवट भरलेला अर्ज वाचतो.

हे तंत्र स्मार्टफोनहून जुने आहे. २००० नंतरच्या दशकात साधे फोन डेटा केबलने किंवा ब्लूटूथने संगणकाला जोडून नेट वापरले जाई. जीएसएम फोनवर संगणक *९९# हा क्रमांक ‘डायल’ करी, तर सीडीएमए फोनवर #७७७. त्या व्यवस्थेत फोन फक्त मोडेम असे. क्रमांक संगणक फिरवी आणि इंटरनेटवरचा पत्ताही संगणकालाच मिळे. आजचा स्मार्टफोन आधीपासूनच इंटरनेटवर असतो, पत्ता त्याच्याकडेच असतो, आणि त्याच पत्त्याच्या आडोशाला तो संगणकाला जागा देतो. म्हणजे तो मोडेमही असतो आणि राउटरही. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१०च्या २.२ या आवृत्तीपासून आली.

फोन आणि संगणक जोडण्याचे तीन मार्ग आहेत: यूएसबी केबल, वाय-फाय हॉटस्पॉट आणि ब्लूटूथ. लॅपटॉपसाठी हॉटस्पॉट सोपा पडतो. डेस्कटॉपची गोष्ट वेगळी, कारण दुकानात जुळवून घेतलेल्या कितीतरी डेस्कटॉपमध्ये वाय-फायचा अँटेनाच नसतो. मागच्या बाजूला लॅनच्या वायरीचे एक भोक तेवढे असते. अशा संगणकाला हॉटस्पॉट दिसावा म्हणून वाय-फायचा यूएसबी डोंगल विकत घ्यावा लागतो. ब्लूटूथने जोडणी होते, पण वेग सेकंदाला एक-दोन मेगाबिटच्या आसपास राहतो. मेल पाहण्यापुरते ते ठीक. चार्जिंगची केबल मात्र प्रत्येकाच्या टेबलावर असते. म्हणून डेस्कटॉपसाठी पहिला मार्ग केबलचाच.

सगळ्याच केबली या कामाच्या नसतात. साध्या यूएसबी २.० केबलीत चार तारा असतात. लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी माहितीसाठी. स्वस्तातल्या काही चार्जिंग केबलींत हिरवी-पांढरी जोडी घातलेलीच नसते. अशा केबलीने फोन चार्ज होतो, पण संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘हॉटस्पॉट आणि टेदरिंग’ उघडल्यावर ‘यूएसबी टेदरिंग’ ही ओळ फिकट दिसत असेल आणि बोट लावूनही बटण हलत नसेल, तर पहिला संशय केबलीवरच घ्यावा. दुसरा संशय सीपीयूच्या पुढच्या भोकांवर. ती आतल्या एका जोडवायरीने मदरबोर्डपर्यंत पोचतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये सैल झालेली असतात. मागची भोके थेट मदरबोर्डवर असतात, त्यामुळे जास्त भरवशाची.

केबल चांगली असेल तर पुढचा प्रकार कानांनीही कळतो. केबल लावताच विंडोज ‘टिडिंग’ असा चढता आवाज करते: एक उपकरण आले. या क्षणी फोन फक्त चार्ज होत असतो किंवा फोटो-फायली दाखवायला तयार असतो. टेदरिंगचे बटण सुरू केले की आधी उतरता आवाज येतो आणि लगोलग पुन्हा चढता. केबल जागची हलली नसतानाही फोन संगणकाच्या लेखी निघून गेलेला आणि वेगळ्या रूपात परत आलेला असतो. मघाशी तो फायलींचे भांडार होता, आता तो नेटवर्क कार्ड आहे. फोन बहुधा ज्या भाषेत ही ओळख करून देतो ती आरएनडीआयएस ही मायक्रोसॉफ्टने आखलेली पद्धत. तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असल्यामुळे सीडी किंवा डाउनलोड लागत नाही. लिनक्समध्येही तो असतो. मॅकमध्ये नसतो, म्हणून जुना अँड्रॉइड फोन आणि मॅक यांचे केबलने जमत नाही. तिथे वाय-फायच बरे. अलीकडच्या काही फोनांनी एनसीएम ही सर्वमान्य पद्धत घेतली आहे आणि ती मॅकलाही समजते. आयफोनचे तंत्र निराळे आहे. विंडोजवर त्याच्यासाठी ॲपलचा ड्रायव्हर लागतो, तो आयट्यून्सबरोबर येतो. आणि केबल लावल्यावर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ या फोनच्या प्रश्नाला होकार द्यावा लागतो.

विंडोजच्या खालच्या पट्टीवर आता वाय-फायच्या पंख्याऐवजी वायरीच्या जोडणीचे चिन्ह येते. नेटवर्कच्या यादीत ‘इथरनेट २’ किंवा ‘इथरनेट ३’ असे नाव दिसते, कारण ‘इथरनेट’ हे नाव मदरबोर्डवरच्या लॅनने आधीच घेतलेले असते. त्या नावाच्या तपशिलात वेगापुढे पुष्कळदा ४२६ मेगाबिट प्रतिसेकंदाच्या आसपासचा आकडा असतो, आणि तो पाहून ग्राहक हरखतो. हा आकडा इंटरनेटचा नाही, केबलीचा आहे. यूएसबी २.०मध्ये एका सेकंदाच्या हजार चौकटी आणि प्रत्येक चौकटीचे आठ तुकडे असतात. एका तुकड्यात ५१२ बाइटची जास्तीत जास्त १३ पाकिटे मावतात. या सगळ्यांचा गुणाकार करून बाइटचे बिट केले की ४२,५९,८४,००० बिट होतात. म्हणजे तो केबलीच्या क्षमतेचा कागदावरचा हिशेब आहे. फोनला टॉवरकडून दहा मेगाबिट मिळत असतील तर संगणकालाही दहाच मिळणार.

नेटवर्क कार्ड दिसू लागताच संगणक पहिला प्रश्न विचारतो: माझा पत्ता काय? याचे उत्तर फोनमधली डीएचसीपी सेवा देते. जुन्या अँड्रॉइडमध्ये केबलीवर फोन स्वतःला १९२.१६८.४२.१२९ हा पत्ता घेई आणि संगणकाला त्याच मालिकेतला दुसरा देई. नव्या आवृत्त्यांत ही मालिका बदलती असते. आयफोन १७२.२०.१० या मालिकेतले पत्ते देतो. हे सगळे पत्ते घरगुती वापराचे आहेत, बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना ओळख नाही. त्यामुळे संगणकाकडून आलेल्या प्रत्येक पाकिटावरचा ‘प्रेषक’ फोन खोडतो, तिथे स्वतःचा पत्ता घालतो आणि कोणाचे पाकीट कोणत्या क्रमांकाने गेले याची नोंद ठेवतो. उत्तर आले की नोंद पाहून ते संगणकाकडे वळवतो. वाड्याच्या एकाच पत्त्यावर आलेली पत्रे मालकाने बिऱ्हाडांना वाटावीत, तसा हा व्यवहार. याला नॅट म्हणतात.

मोबाइल जाळ्यावर हाच व्यवहार आणखी एकदा होतो. जुन्या धर्तीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते अपुरे असल्याने कंपनी हजारो फोनांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवते. अशा वापरासाठी १००.६४पासून सुरू होणारा पत्त्यांचा एक पट्टा २०१२मध्ये राखून ठेवला गेला. वाड्याला आता गल्लीचाही एक पत्ता झाला. याचा अनुभव बाहेरून आत येताना येतो. मोबाइलच्या नेटवर असलेल्या संगणकात कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग किंवा हिशेबाचा सर्व्हर ठेवला, तर बाहेरून थेट त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. आतून बाहेर जाणारे काम, म्हणजे वेबसाइट, मेल, व्हिडिओ बैठक, सुरळीत चालते. दुरून संगणक हाताळण्याची ॲपेही चालतात, कारण त्यांची जोडणी आतूनच सुरू होते. नव्या आयपीव्ही६ पद्धतीत पत्त्यांची चणचण नसते. तिथे फोन आपल्याला मिळालेल्या मालिकेतलाच एक खरा पत्ता संगणकाला देऊ शकतो.

केबलीने बांधलेला फोन वापरणे हे एक वेगळेच कसब आहे. ते सर्वांत स्पष्ट दिसते ओटीपीच्या वेळी. अर्ज भरून झाला, ‘ओटीपी पाठवा’ दाबले, आणि संदेश आला तो नेट पुरवणाऱ्या फोनवरच. केंद्रचालक फोन उचलतो, वाचण्यासाठी तिरका धरतो, ढिली झालेली पिन किंचित सरकते. उतरता आवाज येतो. ओटीपी हातात असतो, पण पान गेलेले असते. वाईट याचे, की केबल पुन्हा बसवली तरी टेदरिंग आपणहून सुरू होत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनांत केबल सुटली की ते बटण बंद होते आणि दर वेळी सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावे लागते. सरावलेला माणूस फोन टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवतो आणि वाकून वाचतो. ज्यांना हे रोजचेच आहे ते डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन यूएसबीची मूळ निवडच टेदरिंग करून ठेवतात. मग केबल लावली की काम सुरू.

फोन कॉलचाही अडथळा असतो. सिमवर व्होल्टे सुरू असेल तर बोलणे आणि नेट एकाच वेळी चालते. ते बंद असेल तर कॉल येताच फोन जुन्या जाळ्यावर उतरतो आणि संगणकाचे नेट मंदावते किंवा थांबते. दोन सिमच्या काही फोनांत दुसऱ्या सिमवर कॉल घेतला तरी पहिल्या सिमचा डेटा तेवढा वेळ थांबतो. शेवटची तारीख असेल तेव्हा नेट देणारा फोन बोलायला न वापरणेच बरे.

वेग वाढवायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फोनची जागा बदलणे. डेस्कटॉप एका कोपऱ्यात असतो, आणि कोपऱ्यात, सिमेंटच्या भिंतीआड किंवा पत्र्याच्या छपराखाली, सिग्नल दुबळा असतो. केबल लांब घेतली तर संगणक जागेवर ठेवून फोन खिडकीपाशी नेता येतो. यूएसबी २.०ची मर्यादा ५ मीटर आहे; स्वस्त केबल त्याच्या आधीच कच खाते, दोन-तीन मीटर बहुधा निभते. खिडकीत ऊन मात्र नको. टॉवरशी सतत बोलणारा, त्याच वेळी चार्ज होणारा आणि वरून तापणारा फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. केबलीचा फायदा असा की हॉटस्पॉटचे रेडिओ चालवण्याचा भार पडत नाही आणि चार्जिंगही होत राहते. संगणकाचे यूएसबी २.० भोक फार तर ५०० मिलिअँपिअर देते, त्यामुळे सिग्नल कमजोर असेल तर केबल लावूनही बॅटरी हळूहळू उतरू शकते.

खरी गफलत डेटाच्या हिशेबात होते. संगणकाच्या दृष्टीने ही वायरीची जोडणी आहे, आणि वायरीवर मोजमाप नसते असे तो धरून चालतो. फोनवर रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. जोडणी मिळताच विंडोजचे अपडेट सुरू होतात, ढगातल्या फायलींची जुळवाजुळव चालू होते, आणि यूट्यूब मोठा पडदा पाहून व्हिडिओचा दर्जा वाढवते. कोटा सकाळीच संपतो. त्यानंतर वेग बहुधा ६४ किलोबिटवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. अर्जासोबतचा २०० किलोबाइटचा फोटो चढायला किमान २५ सेकंद, आणि दोन मेगाबाइटचे पान उघडायला चार मिनिटांहून जास्त. तोवर संकेतस्थळाची मुदत संपून ते पुन्हा लॉग-इन मागते. म्हणून टेदरिंग लावल्यावर पहिले काम विंडोजच्या सेटिंगमध्ये त्या ‘इथरनेट’च्या नावावर जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करणे. मग बहुतेक मोठे अपडेट थांबून राहतात. दुसरा फोन लावला की विंडोजला ते नवे कार्ड वाटते, नावापुढचा आकडा बदलतो आणि ही निवड पुन्हा करावी लागते.

सुरक्षेच्या दृष्टीने केबल हॉटस्पॉटपेक्षा बरी. हवेत काही जात नाही, पासवर्ड कोणी पाहत नाही, शेजारचे दुकान चुकून आपल्या नेटवर येत नाही. हॉटस्पॉटच वापरायचा असेल तर लांब पासवर्ड ठेवावा आणि काम झाले की बंद करावा. फोनवर व्हीपीएन चालू असले तरी टेदरिंगने जोडलेला संगणक अँड्रॉइडवर बहुधा त्याच्या बाहेरच राहतो. त्याला स्वतःचे वेगळे व्हीपीएन लागते. आणि परक्या संगणकाला फोन जोडताना फायली दाखवण्याची परवानगी देऊ नये. टेदरिंगला तिची गरज नसते.

काम संपल्यावर आधी टेदरिंगचे बटण बंद करावे, मग केबल काढावी. ब्रॉडबँड परत आले असेल तर संगणक बहुधा आपोआप त्याकडे वळतो. पण दोन्ही जोडण्या एकदम सुरू राहिल्या तर कोणती वापरायची हे विंडोज आपल्या क्रमाने ठरवते, आणि तो क्रम दर वेळी ब्रॉडबँडच्या बाजूने लागेलच असे नाही. फोन मुकाट्याने डेटा खर्च करत राहतो. केबल काढताना उतरता आवाज एकदाच येतो, आणि ‘इथरनेट ३’ हे नाव यादीतून निघून जाते.