वहीबाहेरचे विजय

(द्वितीय वर्ष, वाणिज्य शाखा)

आपल्या भागातल्या मैदानांवर क्रिकेट चालते, कबड्डी आणि खो-खो चालतात. बेसबॉल कोणी खेळत नाही. मग आपल्या वार्षिक अंकात एका अमेरिकन बेसबॉलपटूवर लेख कशासाठी, असे वाचक विचारतील. माझे उत्तर साधे आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमा आणि नावे, पावती आणि खतावणी हा आमचा रोजचा अभ्यास. ज्या माणसाच्या ऐन उमेदीतल्या कमाईची नोंद करायलाच वहीने नकार दिला आणि जो गेल्यावर ४२ वर्षांनी त्याच वहीत दुरुस्ती करावी लागली, त्याची कथा मला आमच्याच विषयातली वाटते. ह्या माणसाचे नाव सॅचेल पेज.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फूट, तर पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो. चेंडूचा टप्पा पडू द्यायचा नसतो आणि हात कोपरात वाकवून फेकायचा असतो. क्रिकेटमध्ये ज्याला मनाई तीच इथली कला. फलंदाजापुढे जमिनीवर १७ इंच रुंदीची एक पांढरी पट्टी असते. तिच्यावरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीतून गेलेला चेंडू त्याने सोडला किंवा मारायला जाऊन तो हुकला, की एक ‘स्ट्राइक’. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. उलट, पिचरने चार चेंडू पट्टीबाहेर टाकले तर फलंदाज फुकटात पुढे जातो. आणखी एक नियम लक्षात ठेवावा: संघ जिंकला की तो विजय एका पिचरच्या नावावर जमा केला जातो. म्हणजे प्रत्येक पिचरचे स्वतःचे खाते असते. आपल्या गोष्टीला ह्या खात्याशीच काम आहे.

लेरॉय रॉबर्ट पेज ह्याचा जन्म ७ जुलै १९०६ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, मोबील ह्या बंदराच्या गावी, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. बारा भावंडांतला तो सातवा. आई लोकांचे कपडे धुऊन देई. लहानपणी तो रेल्वे स्टेशनवर उतारूंचे सामान उचलत असे. एकेक बॅग नेऊन चार पैसे कसे मिळणार, म्हणून त्याने एका काठीला दोऱ्या बांधून एकाच खेपेत अनेक बॅगा न्यायची युक्ती काढली. बॅगांनी लगडलेला हा पोरगा बघून सोबत्यांनी त्याला ‘सॅचेल’ म्हणजे पिशवी असे नाव ठेवले, अशी हकीकत तो स्वतः सांगे. बाराव्या वर्षी, १९१८ साली, किरकोळ चोरी आणि शाळा बुडवणे ह्यांपायी त्याला माउंट मेग्ज येथील सुधारशाळेत पाठवण्यात आले. तिथे एडवर्ड बर्ड नावाच्या शिक्षकाने त्याला चेंडू कसा टाकावा हे शिकवले. १९२३ च्या अखेरीस तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या अंगात जगाने क्वचित पाहिलेला पिचर तयार होता.

त्याच्यासमोर दार मात्र बंद होते. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून खेळला, आणि त्यानंतर १९४७ पर्यंत अमेरिकेच्या प्रमुख लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीयाला उघडपणे प्रवेश मिळाला नाही. गंमत अशी की ही बंदी कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. न लिहिलेला नियम मोडताही येत नाही आणि त्याविरुद्ध अर्जही करता येत नाही. म्हणून १९२० साली रूब फॉस्टर ह्या कृष्णवर्णीय खेळाडू-व्यवस्थापकाच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत ‘निग्रो नॅशनल लीग’ स्थापन झाली. त्या काळी तोच शब्द रूढ होता. पुढे अशा आणखी लीग निघाल्या.

पेज ह्या जगात १९२६ मध्ये चॅटनूगाच्या संघातून उतरला आणि मग बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी अशी त्याची फिरती सुरू झाली. उंच, काटकुळा देह, लांबच लांब हात, चालणे अगदी संथ, आणि चेंडू मात्र डोळ्यांना दिसू नये असा. सरावाला तो १७ इंचांच्या पट्टीऐवजी च्युइंगगमच्या वेष्टनाचा कागद जमिनीवर ठेवी आणि त्यावरून चेंडू काढी. आपल्या चेंडूंना त्याने नावे ठेवली होती. कानाजवळून गुणगुणत जाणारा तो ‘बी बॉल’. पाय पुढे टाकून हात क्षणभर रोखून धरायचा आणि फलंदाजाची बॅट फिरली की मग चेंडू सोडायचा, ती ‘हेझिटेशन पिच’. प्रदर्शनी सामन्यांत तो कधीकधी मागच्या क्षेत्ररक्षकांना खाली बसवून ठेवी आणि फलंदाजांना एकट्याने बाद करी.

येथे अर्थशास्त्राचा भाग येतो. कृष्णवर्णीय संघांपैकी बहुतेकांकडे स्वतःचे मैदान नव्हते. गोऱ्यांच्या संघांची मैदाने भाड्याने घ्यावी लागत. लीगचे सामने थोडे, त्यांतून वर्षाचा खर्च निघत नसे. म्हणून हे संघ बसमध्ये बसून गावोगाव फिरत आणि मिळेल त्या स्थानिक संघाशी खेळत. आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखेच हे जिणे. पेजचे नाव पाटीवर लागले की तिकिटे खपत, म्हणून तिकिटांच्या उत्पन्नात तो हिस्सा मागून घेई. त्याला इतर संघांना एकेका दिवसासाठी भाड्यानेही दिले जाई.

ह्या व्यवहारात तो सोवळा होता असे नाही. जास्त पैसे दिसले की तो हंगामाच्या मध्येच संघ सोडून जाई. १९३५ मध्ये तो उत्तर डकोटातील बिस्मार्क गावी गेला. तिथे मोटारींच्या एका व्यापाऱ्याच्या संघात गोरे आणि काळे एकत्र खेळत. १९३७ मध्ये जॉश गिब्सन आणि कूल पापा बेल ह्यांच्यासह तो डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियो ह्याच्या राजधानीच्या संघाकडून खेळायला गेला. मालकवर्गाने त्याला बेइमान म्हटले. परंतु ज्या बाजारात विकणाऱ्याला सर्वांत मोठ्या दुकानात पाऊल टाकायचीच मनाई आहे, त्या बाजारात तो मिळेल तिथे भाव बघणार, ह्यात मला आश्चर्य वाटत नाही.

१९३८ मध्ये मेक्सिकोत खेळताना त्याचा खांदा निकामी झाला. कारकीर्द संपली असे सर्वांना वाटले. कॅन्सस सिटी मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन ह्यांनी त्याला केवळ नावासाठी आपल्या फिरत्या दुय्यम संघात घेतले, आणि १९३९ मध्ये हात पुन्हा बरा झाला. १९४२ च्या निग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने तिन्ही बेस भरलेले असताना गिब्सनला तीन स्ट्राइकवर बाद केले. गिब्सन हा त्या काळातला सर्वांत भारी फलंदाज.

एप्रिल १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवले आणि दार उघडले. रॉबिन्सन १९४५ मध्ये मोनार्क्समध्ये पेजबरोबरच खेळलेला. पहिला मान आपला होता, ही सल पेजने पुढे आपल्या आत्मचरित्रात बोलून दाखवली. गिब्सनला तेवढेही मिळाले नाही. दार उघडण्याच्या तीनच महिने आधी, वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला.

क्लीव्हलँड इंडियन्सचे मालक बिल वेक ह्यांनी ७ जुलै १९४८ रोजी, म्हणजे पेजच्या ४२ व्या वाढदिवशी, त्याच्याशी करार केला. त्याचे वय किती हा तेव्हा मोठा विनोदाचा विषय होता. जन्मतारीख लिहिलेले बायबल बकरीने खाल्ले, असे पेज सांगे. म्हाताऱ्याला घेणे हा निव्वळ तिकिटे खपवण्याचा धंदा आहे, अशी टीका झाली. टीकेला आकड्यांनी उत्तर दिले. ऑगस्टमध्ये त्याने सुरुवातीपासून गोलंदाजी केलेल्या तीन सामन्यांना अनुक्रमे ७२,४३४, ५१,०१३ आणि ७८,३८२ प्रेक्षक आले, एकूण २,०१,८२९. तिकिटे खपली हे खरेच. पण त्या हंगामात तो ६ सामने जिंकला आणि एकच हरला. हंगामअखेर क्लीव्हलँड आणि बॉस्टन रेड सॉक्स बरोबरीत आले व निकालासाठी एक जादा सामना खेळवावा लागला. पेजच्या ६ विजयांपैकी एकही कमी असता तर तो सामना झालाच नसता. क्लीव्हलँडने पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली. पुढे सेंट लुई ब्राउन्सकडून खेळताना १९५२ आणि १९५३ मध्ये ऑल-स्टार संघात त्याची निवड झाली. २५ सप्टेंबर १९६५ रोजी कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सने ५९ वर्षांच्या पेजला पुन्हा उतरवले. मालकाने गंमत म्हणून त्याच्यासाठी झुलती खुर्ची आणि नर्स ठेवली होती. त्याने तीन डाव टाकले आणि एकच फटका दिला.

ह्यानंतर जे घडले ते मला सर्वांत बोचते. १९६८ मध्ये हिशेब काढला तेव्हा प्रमुख लीगच्या निवृत्तिवेतनाला त्याचे १५८ दिवस कमी पडत होते. चाळीस वर्षे चेंडू टाकलेल्या माणसाला १५८ दिवस कमी! कारण त्यांतली पहिली वीस-बावीस वर्षे ‘सेवा’ म्हणून धरलीच जात नव्हती. अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला संघात नोकरी देऊन ते दिवस भरून दिले. ही माणुसकी खरी, पण हक्काचे पैसे माणसाला उपकार म्हणून घ्यावे लागले.

१९७१ मध्ये कूपर्सटाउनच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निग्रो लीगच्या समितीने निवडलेला पहिला खेळाडू म्हणून त्याला स्थान मिळाले. तेथेही आधी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे दालन काढायचा बेत होता. लोक संतापले तेव्हा तो सोडावा लागला. ८ जून १९८२ रोजी पेज वारला.

शेजारच्या धारवाडात जन्मलेले बाळू पालवणकर येथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. दलित कुटुंबातल्या ह्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुण्यात त्यांना संघात घेतले खरे, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. दोन्ही ठिकाणी अन्याय एकाच जातीचा, पण त्याची रीत निराळी. बाळूंचे बळी वहीत मांडले गेले आणि माणूस बाहेर बसवला गेला. पेजच्या बाबतीत माणसाबरोबर त्याचे बळीही बाहेर राहिले.

ती वही शेवटी उघडली गेली. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या मेजर लीगने १९२० ते १९४८ ह्या काळातील सात निग्रो लीगना प्रमुख दर्जा असल्याचे मान्य केले आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे आपल्या अधिकृत नोंदीत मिळवले. जुन्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांत छापलेले धावफलक संशोधकांनी अनेक वर्षे खपून गोळा केले होते. तीच ह्या हिशेबाची पावती. पेजच्या खात्यावर पूर्वी २८ विजय होते, ते आता १२५ झाले.

पेज स्वतः मात्र आपण सुमारे २,००० सामने जिंकले असे सांगत असे. १२५ खरे की २,०००? आमचे प्राध्यापक सांगतात त्याप्रमाणे, पावती नसेल तर नोंद करता येत नाही. लीगबाहेरचे सामने नव्या हिशेबातही धरलेले नाहीत, आणि ह्या शिस्तीविरुद्ध माझी तक्रार नाही. २,००० मध्ये बढाईही असेल. पण तो गावोगाव का फिरत होता? कारण ज्या मैदानावर पावती मिळते तेथे त्याला उभे राहू दिले जात नव्हते. पावती न देणाऱ्यानेच पुढे पावती मागावी, असा हा प्रकार आहे.

आम्ही उद्या बँकांत, पेढ्यांत, कचेऱ्यांत बसू आणि दुसऱ्यांच्या वह्या लिहू. कोणाच्या नावापुढे कोरी जागा दिसली की ‘ह्याने काही केलेच नाही’ असे समजणे सोपे असते. त्या वेळी ही वही लिहिणारा कोण होता, आणि दाराबाहेर कोणाला उभे केले होते, एवढे विचारण्याची सवय लागली, तरी सॅचेल पेजच्या चरित्राचा आपल्याला उपयोग झाला असे मी म्हणेन.