'नाइस टू हॅव' म्हणजे छान नव्हे

इंदूरहून पुण्याला पहिल्या नोकरीसाठी गेलो, तेव्हा माझे इंग्रजी तसे वाईट नव्हते. अडलो ते अगदी साध्या शब्दांवर. आमचे ॲप बिल भरण्याचे होते. पावतीचा रंग ग्राहकाला निवडता यावा, असे मी मीटिंगमध्ये सुचवले. लंडनच्या मॅडम म्हणाल्या, "दॅट्स अ नाइस टू हॅव." कौतुक झाले असे समजून तीन रात्री मी तेच करत बसलो. अडकलेले पैसे परत मिळण्याची सोय त्यांनी 'मस्ट' म्हटली होती, ती तशीच राहिली. सोमवारी काय ऐकावे लागले, ते इथे लिहीत नाही. 'नाइस टू हॅव' म्हणजे झाले तर बरे, नाही झाले तरी कुणाचे अडत नाही!

तो 'मस्ट' ज्या पद्धतीतला, तिला 'मॉस्को' म्हणतात. रशियाशी तिचा काही संबंध नाही. ओरॅकल कंपनीतल्या डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये ती मांडली: मस्ट, शुड, कुड, वोन्ट. उच्चार सोपा व्हावा म्हणून आद्याक्षरांत दोन 'ओ' घातले. यात खरा चकवा 'शुड'चा. 'पाहिजे' आणि 'पाहिजेच' यांत जो फरक आपला 'च' करतो, तोच 'शुड' आणि 'मस्ट'मध्ये आहे. 'मस्ट' राहिले तर ॲप बाहेर काढता येत नाही. 'शुड' महत्त्वाचे खरे, पण त्याच्यावाचून या वेळी निभावते. आणि 'वोन्ट' म्हणजे कायमचा नकार नव्हे, या खेपेस नाही एवढेच.

'बॅकलॉग' म्हटले की आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या पोटात गोळा येतो, कारण कॉलेजात तो राहिलेला विषय. मूळ इंग्रजीत हा शेगडीच्या मागच्या बाजूला ठेवलेला मोठा ओंडका. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती करायच्या कामांची क्रमवार यादी. तुमची सूचना तिथे गेली म्हणजे नापास झाली असे नाही. फक्त ती वरून कितवी आहे, ते पाहावे.

'टेबल इट'ची तर गंमतच. इंग्रज म्हणतो तेव्हा विषय चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकन म्हणतो तेव्हा बाजूला ठेवायचा. दोघे एकाच कॉलवर असले की मी सरळ विचारतो, "या रिलीजमध्ये की नंतर?" कुणी हसत नाही.

माझी रंगीत पावती अजून बॅकलॉगमध्येच आहे. कितवी, ते मी पाहिलेले नाही.