दानपेटीतल्या रुपयाचा धनी कोण?

शेगावच्या दर्शनबारीतून पुढे सरकताना माणूस पेटीत रुपया टाकतो आणि हात जोडतो. तो रुपया आता त्याचा राहिला नाही, हे उघड आहे. मग तो झाला कोणाचा? महाराजांचा, असे वऱ्हाडातले शेंबडे पोरही सांगेल. पण महाराजांनी तर ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, समाधी घेतली. बँकेतले खाते कोणाच्या नावाने काढायचे? देवस्थानाच्या शेताचा धुरा शेजाऱ्याने कोरला, तर कोर्टात वादी म्हणून उभे कोणी राहायचे?

प्रश्न वकिली वाटतो, पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तो गावोगाव पडलेला आहे. कोठे मारुतीच्या नावे इनाम असते, कोठे एखाद्या दानशूर म्हाताऱ्याने शाळेला जागा दिलेली असते. म्हातारा आहे तोवर सारे ठीक. तो गेला की मुलगा म्हणतो, 'जागा बापाची', आणि अध्यक्ष म्हणतात, 'शाळा माझी'. मुलांच्या डोक्यावरचे पत्रे तसेच गळत राहतात.

हॉलंडच्या लोकांनी या कोड्याला मोठे सरळ उत्तर काढले आहे. त्यांच्याकडे 'स्तिख्तिंग' नावाची संस्था असते. नोटरीपुढे दस्त झाला की कायद्याच्या लेखी एक नवी व्यक्तीच जन्मते! तिला सभासद नसतात, भागीदार नसतात, धनी तर नसतोच. मंडळ कारभार पाहते, पण मालमत्ता संस्थेच्या स्वतःच्या नावावर राहते. स्थापणाऱ्यांनी वा मंडळींनी नफा वाटून घ्यायचा नाही. १९५६ साली त्यांनी यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९७६ पासून ते नियम तिथल्या दिवाणी संहितेत आले. अ‍ॅमस्टरडॅमचे अ‍ॅन फ्रँकचे घर १९५७ साली निघालेली अशीच एक संस्था सांभाळते. आणि गंमत पाहा, आयकिया या बड्या फर्निचरवाल्याच्या बहुतेक दुकानांची मालकीही १९८२ साली अशाच एका स्तिख्तिंगकडे सोपवण्यात आली. बिनधन्याचे घर धर्मालाही सोयीचे आणि धंद्यालाही!

आपला मार्ग निराळा. इंग्रजी वळणाचा न्यास ही स्वतः व्यक्ती नव्हे. मालमत्ता विश्वस्तांच्या हाती असते, पण उपभोगासाठी नव्हे, ठरलेल्या हेतूसाठी. देव मात्र कायद्याने व्यक्ती! १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक घराण्यातला मूर्तीचा वाद प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. तेव्हा मूर्तीला स्वतःचे हित असते, ते मांडायला तिच्या वतीने निःस्वार्थी माणूस हवा, असे ठरले. म्हणजे देव मालक खरा, पण घरातल्या अज्ञान बालकासारखा.

आणि पालकच लबाड निघाला तर? त्यासाठी १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. तो मूळचा मुंबईचा, आता नावाने महाराष्ट्राचा. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असल्यामुळे तो इकडे मागाहून आला. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत कळवा, जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्या. गैरकारभार दिसला तर आयुक्त विश्वस्ताला काढूही शकतात. हॉलंडात हे काम सरकारी वकिलाच्या मागणीवरून न्यायालय करते.

शेगावचे संस्थान १९०८ साली, महाराजांच्या हयातीतच स्थापन झाले. पेटीतल्या पैशाला तिथे पुढे अनेक वाटा फुटल्या; १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले. ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तलेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके हा कारभार पाहिला, आणि संस्थानात ते पाण्याचा घोटही घेत नसत, असे लोक सांगतात. असा माणूस कोणत्याही कलमाने निर्माण होत नाही. म्हणून तर कलमे लागतात; दर गावाला भाऊ कोठून आणायचे?

रुपया टाकणाऱ्याला मात्र आपल्या कायद्याने अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. देवळात पूजेला जाण्याचा ज्याला हक्क आहे, तो 'हितसंबंधी' ठरतो. असे दोघे मिळून, आयुक्तांची लेखी संमती घेऊन, विश्वस्तांवर दावा लावू शकतात. त्याआधीची पायरी स्वस्त आहे. धर्मादाय कार्यालयात आपल्या देवळाच्या वा शाळेच्या परिशिष्ट एकचा उतारा मागायचा. जागा कोणाच्या नावे लागली आहे, आणि मेलेले विश्वस्त अजून जिवंत आहेत का, हे त्यात दिसते.